दोन भोंगे आणि एक व्हायोलिन

विलासच्या स्टुडिओत त्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत पंचशीला ओव्हाळनं एक भीमगीत, एक हळदीचं गाणं आणि पशुखाद्याची एक जाहिरात वाजवून संपवली होती. स्टुडिओ बीडच्या बाजारात, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. तरी खाली हमालानं पोतं आदळलं की वर रेकॉर्डिंग थांबायचं. पंचशीला गेली कित्येक वर्षं तिथं व्हायोलिन वाजवत होती. भजन असो, कव्वाली असो, लावणी असो की कुणाच्या वाढदिवसाचं गाणं, विलास फोन करायचा आणि ती गावाहून बसनं यायची.

डबा खाता खाता विलास म्हणाला, "ताई, दुपारून एक पॅनलचं गाणं हाय. तुमच्याच गावचं. सुंदररावांचं."

"घ्या की. चाल कशी हाय?"

"चाल काय, पॅनलची चाल. दणदणीत."

पंचशीलाचं गाव म्हणजे नेकनूरच्या पुढचं उंबरसावळी. तिथं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. सरपंचपद या खेपेला बाईसाठी राखीव निघालं होतं, म्हणून आजवर सरपंच राहिलेल्या सुंदररावांनी आपल्या बायकोला, विमलबाईंना, उभं केलं होतं. चिन्ह कपबशी. गाण्याच्या सगळ्या कडव्यांत सुंदरराव होते. विमलबाईंचं नाव एकदाच आलं होतं, तेही 'कमल'ला यमक हवं म्हणून.

"दोन कडव्यांच्या मधी जागा मोकळी हाय," विलास कानाला हेडफोन लावत म्हणाला. "टाका कायबी. तिथं कुणी ऐकत न्हाई."

पंचशीलानं गज खाली घेतला. "कावून ऐकत न्हाई?"

"लोक शब्द ऐकतेत, ताई. मधलं म्युझिक म्हंजी गाणाऱ्यानं पाणी प्यायची वेळ."

विलासनं हे सहज म्हटलं होतं. पण पंचशीलाला असं काही सहज म्हटलेलं चालत नसे. तिनं व्हायोलिन खांद्यावर घेतलं आणि त्या मोकळ्या जागेत जे वाजवलं ते भजनासारखं सुरू झालं, मध्येच लावणीसारखं मुरकलं आणि शेवटाला कव्वालीतल्या हाकेसारखं वर जाऊन थांबलं. वाजवून झाल्यावर खाली पोतं आदळल्याचा आवाज आला. हमाल तेवढा वेळ पोतं पाठीवर घेऊन उभा राहिला होता.

"लई भारी झालं," विलास म्हणाला. "पर कपबशीला जरा जास्तच झालं."

"असू द्या. कपबशीला सवय होईल."

गोष्ट इथंच संपली असती. पण त्याच आठवड्यात पंचशीला एका भजनी मंडळाच्या साथीला कपिलधारला गेलेली असताना विजयसिंह स्टुडिओत आला. हा उंबरसावळीतला दुसरा पॅनलप्रमुख, तरणा, कायम घाईत. त्यानं आपली बायको धनश्री हिला शिट्टी या चिन्हावर उभं केलं होतं, आणि त्याला गाणं संध्याकाळपर्यंत हवं होतं.

"व्हायोलिनवाल्या ताई न्हाईत आज," विलास म्हणाला.

"मग दुसरं काय तरी वाजव बे. उद्या सकाळी भोंगा फिरला पाहिजे."

विलासनं शब्द बसवले, ढोल बसवला. दोन कडव्यांच्या मधली जागा मोकळीच राहिली. त्यानं कम्प्युटरकडं पाहिलं. त्यात पंचशीलानं वाजवलेला तुकडा नुसताच पडून होता. विलासनं तो उचलून शिट्टीच्या गाण्यात चिकटवला. फार छान बसला. इतका छान बसला, की पुढच्या दोन दिवसांत विलासनं तो आणखी दोन-तीन ठिकाणी बसवून पाहिला, आणि तो सगळीकडंच बसला.

दोन्ही पॅनलचे भोंगे लावलेले ऑटो उंबरसावळीत फिरू लागले. आधी एक वरच्या आळीत असायचा, तेव्हा दुसरा खालच्या. पण आठवडी बाजारच्या दिवशी ते बसथांब्याजवळच्या बोळात समोरासमोर आले. बोळ एका ऑटोपुरताच होता. मागं कुणी घ्यायचं, हा प्रश्न निवडणुकीच्या दिवसांत साधा नसतो. दोन्ही ड्रायव्हरांनी ऑटो जागच्या जागी उभे केले आणि आवाज वाढवला. एकीकडून कपबशी, दुसरीकडून शिट्टी, शब्द कुणालाच कळेनात. बाजारला आलेली माणसं पिशव्या घेऊन बघत उभी राहिली. आणि मग दोन्ही गाण्यांतलं कडवं एकदमच संपलं.

दोन्ही भोंग्यांतून एकच व्हायोलिन वाजू लागलं. एकातून किंचित आधी, दुसऱ्यातून किंचित नंतर, दरीत मारलेली हाक परत यावी तसं. बाजार गप्प झाला. तुकडा संपला तसे शब्द पुन्हा भांडू लागले, पण ते आता कुणी ऐकत नव्हतं.

"दोघांची आतून युती झाली वाटतं," भाजीवाल्यांतला एक जण म्हणाला.

त्यानं ते चेष्टेत म्हटलं होतं. संध्याकाळपर्यंत ती बातमी झाली. सुंदरराव आणि विजयसिंह वरून भांडतात आणि आतून एक आहेत, गाणंसुद्धा दोघांत मिळून केलंय, असं गाव बोलू लागलं. सुंदररावांची माणसं म्हणाली, शिट्टीवाल्यांनी आमचं म्युझिक चोरलं. विजयसिंहाची माणसं म्हणाली, कपबशीवाल्यांनी चोरलं. कुणीतरी बोळातला व्हिडिओ काढला होता. तो मोबाइलवरून जिल्हाभर फिरला आणि उत्तरं येऊ लागली. तलवाड्याहून एकानं लिहिलं, की हे तर आमच्या आजीच्या वर्षश्राद्धाच्या व्हिडिओत आहे. दुसऱ्यानं पशुखाद्याची जाहिरात पाठवली. त्या जाहिरातीत एक म्हैस वैरणीकडं चालत येते, तिथं पंचशीलाचा तोच तुकडा होता. विमलबाईंचं गाणं वाजलं की गावातल्या म्हशी मान वळवतात, असं लोक सांगू लागले. सुंदररावांना ते फार लागलं.

मग एक दिवस सकाळीच विलासचा फोन आला. "ताई, लवकर या. दोघं बी यायलेत स्टुडिओत."

पंचशीला पोचली तेव्हा विलास जिन्यातच उभा होता. त्यानं तिला बाजूला घेऊन काय केलं ते सगळं सांगितलं, आणि वर म्हणाला, "एक इनंती हाय. तुमी एवढंच म्हणा, की ते कम्प्युटरमधून निघालं. हल्ली निघतं. सूर, ताल सगळं निघतं. कम्प्युटरवर कुणी चिडत न्हाई. मिटून जाईल."

"आणि मी काय केलं म्हणायचं?"

"तुमी काय न्हाई केलं. तुमी वाजवलंच न्हाई."

एका वाक्यात सगळं मिटलं असतं, हे तिला दिसत होतं. विलासचा धंदा वाचला असता, गावात तिला कुणी काही म्हटलं नसतं. पण तिला तिचे वडील आठवले. शहादेव ओव्हाळ आयुष्यभर एका गायन पार्टीत व्हायोलिन वाजवत होते. त्यांच्या पार्टीच्या कॅसेटी निघाल्या तेव्हा वरच्या कागदावर गायकाचं नाव होतं, कवीचं होतं, ज्याच्या हॉटेलात सगळ्यांनी चहा प्यायला त्याचंही होतं. शहादेव 'आणि साथीदार' यात होते. निदान साथीदार तरी होते. इथं विलास तिला त्यातूनही काढायला निघाला होता.

"चला वर," ती म्हणाली.

सुंदरराव आणि विजयसिंह गाद्या ठोकलेल्या खोलीत दोन कोपऱ्यांत बसले होते. एकमेकांकडं न बघण्यासाठी दोघंही भिंतीकडं बघत होते.

"आबा, हे व्हायोलिन मी वाजवलंय," पंचशीलानं उभ्याउभ्याच सुंदररावांना सांगून टाकलं. "तुमच्या गाण्यासाठी वाजवलं, एकदाच. दुसऱ्या गाण्यात कसं गेलं ते विलासभाऊ सांगतील."

विलासनं घसा खाकरला, पंख्याकडं बघितलं आणि चिकटवण्याची गोष्ट सांगितली. म्हशीबद्दल बोलताना त्याचा आवाज अगदीच बारीक झाला.

"म्हंजी माल आमचा हाय," सुंदरराव म्हणाले. "ठरलं मग. पोरी, तू आता निवडणूक होईस्तोर दुसऱ्या कुणाचं वाजवायचं न्हाई. गावची हायस, गावासारखं ऱ्हा."

"गावचे तर आमी बी हावोत," विजयसिंह उठला. "ताई, तुमी आमच्याकडून ऱ्हावा. निवडून आलो की गावात सांस्कृतिक भवन बांधू. तिथं रोज वाजवा."

"मी हळदीला वाजवते आणि दहाव्याला बी वाजवते," पंचशीला म्हणाली. "नवरदेवाकडून का मयताकडून, आसं मला आजवर कुणी इचारलं न्हाई. मी कुणाकडूनच न्हाई. तुमाला पाहिजे तर दोघांना नवं वाजवून देते, एकाचं दुसऱ्यासारखं होणार न्हाई. पर गाणं संपलं की भोंग्यावर माझं नाव आलं पाहिजे. व्हायोलिन, पंचशीला ओव्हाळ. एवढंच."



"आगं, उमेदवाराचं नाव बसवताना आमाला जागा पुरंना," सुंदरराव म्हणाले. त्यांना ते खरोखरच अडचणीचं वाटत होतं. "तुझं कुठं बसवू?"

"मग न्हाई वाजवत."

"मग नकोच ते व्हायोलिन," विजयसिंह म्हणाला. "विलास, काढून टाक आमच्या गाण्यातून."

"आमच्या बी काढ," सुंदरराव म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. आपण एकाच बाजूनं बोललो हे लक्षात येताच दोघंही दचकले आणि वेगवेगळे जिना उतरले.

पंचशीलानं व्हायोलिन पेटीत ठेवलं. विलास म्हणाला, "ताई, उगं इतकं ताणलं. आता गावात काय तोंड दाखवाल?"

"हेच दाखवीन. दुसरं कुठून आणू?"

गावात खरंच त्रास झाला. कपबशीची माणसं पंचशीलाच्या आईला, भिमाबाईला, लेकीला समजाव म्हणून सांगायला आली. ती माणसं उठेपर्यंत शिट्टीची आली. भिमाबाईनं सगळ्यांना चहा दिला आणि सांगितलं, "तिच्या बापाला म्या कधी समजावू शकले न्हाई, तिला काय समजावू? साखर पुरे का?" माणसं चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी पंचशीला नेहमीसारखी स्टुडिओत कव्वाली वाजवायला बीडला गेली.

तिकडं विलासनं सांगितल्याप्रमाणं दोन्ही गाण्यांतलं व्हायोलिन बंद केलं होतं. त्या जागी दुसरं काही टाकायला त्याला वेळ मिळाला नव्हता, आणि हिंमतही झाली नव्हती. त्यामुळं गाणं दणदणत यायचं, कडवं संपायचं आणि भोंगा एकदम मुका व्हायचा. ऑटोचं इंजिन तेवढं फडफडत राहायचं. मग पुन्हा गाणं.

पहिल्या फेरीला कपबशीचा ऑटो नळाजवळून जात होता. कडवं संपलं, शांतता झाली, आणि त्या शांततेत हंडा भरत असलेल्या म्हाताऱ्या वत्सलाबाईंनी तो तुकडा तोंडानं पुरा केला. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांच्या मागच्या बाईनं पुढच्या फेरीला केला. तिसऱ्या फेरीला सगळा नळ गुणगुणत होता. इतके दिवस कानावर पडून पडून तो तुकडा गावाला पाठ झाला होता, आणि आता तो वाजायचा थांबल्यामुळं प्रत्येकाला तो स्वतः भरून काढावासा वाटू लागला. पिठाच्या गिरणीत, पारावर, ट्रॅक्टरवर, ऑटो कुठंही गेला की माणसं बोलणं थांबवायची, तेवढी जागा भरायची आणि बोलणं पुढं सुरू करायची.

विजयसिंहानं त्या जागेत घोषणा टाकून बघितली. घोषणेवरून गुणगुणणं चाललं. मग त्याला वाटलं, आपलं चिन्हच शिट्टी आहे. त्यानं गावातल्या पोरांना प्लॅस्टिकच्या शिट्ट्या वाटल्या. पोरांनी त्या शिट्ट्यांवर तोच तुकडा बसवला. सुंदररावांना रात्री जेवताना स्वतःच्याच घरात तो ऐकू आला. विमलबाई भाकरी थापत होत्या आणि भाकरीच्या तालावर गुणगुणत होत्या.

"तू बी?" सुंदरराव म्हणाले.

"म्या काय केलं?" विमलबाई म्हणाल्या. "उमेदवार तर म्याच हाय ना?"

प्रचार संपला, भोंगे उतरले. मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर सकाळपासून बायांची रांग लागली. ऊन चढू लागलं, यंत्र हळू चाललं होतं, आणि रांगेतल्या कुणीतरी कंटाळून गुणगुणायला सुरुवात केली. थोड्याच वेळात शाळेच्या ओट्यापासून फाटकापर्यंत सगळी रांग गुणगुणत होती. कुणी मोठ्यानं गात नव्हतं. मधमाश्यांचं मोहोळ असावं तसा नुसता एक आवाज.

केंद्रावर संगीता मॅडम केंद्राध्यक्ष होत्या. दुसऱ्या तालुक्यातल्या शिक्षिका, निवडणुकीच्या कामावर आलेल्या, आणि कडक. सुंदरराव आणि विजयसिंह आपापल्या बायकांचे प्रतिनिधी म्हणून आत बसले होते. आधी सुंदरराव उठले.

"मॅडम, शंभर मीटरच्या आत प्रचार चालू हाय. ह्या बाया शिट्टीचं गाणं म्हणायल्यात."

"शिट्टीचं?" विजयसिंह उठला. "मॅडम, ते कपबशीचं हाय. पयले त्यांनीच बनवलं. साऱ्या गावाला इचारा."

"आमी बनवलंच न्हाई," सुंदरराव म्हणाले.

"बसथांब्यावर तुमचीच माणसं ओरडत होती, आमचं चोरलं म्हणून."

संगीता मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि दारात येऊन रांगेकडं बघितलं. गुणगुणणं थोडं कमी झालं, थांबलं नाही.

"सुंदरराव, रांगेत पुढं त्या हिरव्या लुगड्यातल्या तुमच्या घरच्या ना? उमेदवार?"

"व्हय."

"त्याही म्हणतायत. गाणं शिट्टीचं असेल तर तुमच्या घरच्या शिट्टीचा प्रचार करतायत, असं होतं."

सुंदररावांनी दाराबाहेर डोकावलं. विमलबाई डोळे मिटून गुणगुणत होत्या. विजयसिंहाला हसू आलं.

"तुम्ही हसू नका," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या मागं धनश्रीताई उभ्या आहेत. त्याही म्हणतायत. गाणं कपबशीचं असेल तर त्या कपबशीचा प्रचार करतायत. आता तुम्ही दोघं ठरवून मला एकच सांगा, गाणं कोणाचं. ज्याचं असेल त्याच्यावर मला कारवाई करावी लागेल."

"आमचं न्हाई," सुंदरराव म्हणाले.

"आमचं बी न्हाई," विजयसिंह म्हणाला.

"मग कोणाचं?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. इतके दिवस भिंतीकडं बघत बसलेल्या माणसांना ते जरा जड गेलं.

"ते व्हायोलिनवालीचं हाय," विजयसिंह म्हणाला.

"नाव सांगा."

"शहादेवच्या लेकीचं," सुंदरराव म्हणाले.

"मी नाव विचारतेय."

सुंदररावांनी इकडं तिकडं पाहिलं. दारात पोलीस उभा होता, खिडकीशी पोरं, आणि समोर सगळी रांग. गुणगुणणं आता पूर्ण थांबलं होतं, कारण सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

"पंचशीला शहादेव ओव्हाळ," सुंदरराव म्हणाले.

"मोठ्यानं."

"पंचशीला शहादेव ओव्हाळ," या वेळी दोघंही म्हणाले.

"उमेदवार आहेत का त्या?"

"न्हाई."

"कोणत्या पॅनलच्या?"

"कोणत्याच न्हाई," विजयसिंह म्हणाला. त्याच्या बोलण्यात अजूनही तक्रार होती.

"मग हा प्रचार कसा झाला?" संगीता मॅडम परत खुर्चीवर जाऊन बसल्या. "माझी काही हरकत नाही. पुढचं नाव घ्या."

पंचशीला रांगेतच होती, बरीच मागं, भिमाबाईचा हात धरून. पुढून मागं बाया वळून तिच्याकडं बघू लागल्या. तिनं नुसतं पुढं सरका म्हणून हात केला. तिला बसची वेळ गाठायची होती. बीडमध्ये दुपारी एका लावणीचं रेकॉर्डिंग होतं, आणि विलासनं सकाळीच फोन करून सांगितलं होतं, की गाणं करून घेणाऱ्यानं गाण्याखाली टाकायला व्हायोलिनवालीचं नाव विचारलंय. त्यावर तिनं त्याला, तुमाला माहीत न्हाई का, एवढंच म्हणून फोन ठेवला होता.

रांग पुढं सरकली. मॅडमची हरकत नाही म्हटल्यावर बायांनी पुन्हा सुरुवात केली, आणि आता चोरून नाही, तर तोंड उघडून. आत सुंदरराव आणि विजयसिंह यांना प्रतिनिधी म्हणून संध्याकाळपर्यंत हलता येत नव्हतं. ते शेजारीशेजारी बाकावर ऐकत बसले.

पंचशीला मत देऊन बाहेर आली. बोटाची शाई वाळवत फाटकाकडं निघाली. रांगेच्या मध्यावर वत्सलाबाई होत्या. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच. पंचशीला त्यांच्यापाशी थांबली.

"मावशी, तिथं वर जाऊ नका. आधी जरा खाली या, थांबा, मग वर जावा."

"आसं?" वत्सलाबाईंनी म्हणून दाखवलं.

"थांबणं कमी पडलं."

वत्सलाबाई पुन्हा म्हणाल्या. मागच्या-पुढच्या बायाही त्यांच्याबरोबर खाली आल्या, थांबल्या आणि वर गेल्या. पंचशीलानं कान देऊन शेवटपर्यंत ऐकलं.

"हां," ती म्हणाली, "आता झालं," आणि बसकडं चालू लागली.